पट्टा का घसरतो? शिरूर-दौंडच्या गिरण्या, गुऱ्हाळे आणि बिनगिअरच्या स्कूटरचा इतिहास

१/२८
इंजिन पूर्ण वेगात धडधडते आहे, धुराड्यातून धूर निघतो आहे, पण जात्याची तळी मंदावली आहे. शक्ती निर्माण होते. ती पोहोचत नाही. दोन चाकांमधल्या पट्ट्याची ही जुनी व्यथा. शिरूर आणि दौंड तालुक्यांत पिठाची गिरणी, उसाचा चरक, मळणीयंत्र, रेल्वेच्या डब्यातला दिवा आणि बिनगिअरची स्कूटर या साऱ्यांना तिने गाठले. पट्टा का घसरतो आणि त्या घसरण्याने काय काय घडवले, त्याचा हा इतिहास.

२/२८
भीमेच्या अलीकडे दौंड, पलीकडे शिरूर. दोन्हींचा बराच भाग पर्जन्यछायेतला. ज्वारी-बाजरी हे मूळ पीक. १८७०च्या दशकात पुण्याजवळ खडकवासल्याचे धरण उभे राहिले आणि त्याचा उजवा कालवा सुमारे ११२ किलोमीटरची वाट चालून तत्कालीन भीमथडी तालुक्यातील पाटसपर्यंत आला. पाणी आले तसा ऊस आला. ऊस आला तसे गुऱ्हाळ आले. आणि गुऱ्हाळाबरोबर एक प्रश्न आला : ऊस पिळायची शक्ती आणायची कुठून?

३/२८
पहिले उत्तर बैलांचे होते. लाकडी चरकाला आडवी दांडी, दांडीला बैलजोडी, आणि रिंगणातली अखंड फेरी. १८७०च्या दशकात बिहारमधील बिहिया येथे थॉमसन आणि मिल्ने यांनी लोखंडी लाटांचा चरक आणला. पुढे महाराष्ट्रातही लोखंडी चरकांनी लाकडी चरकांची जागा घेतली. रस अधिक निघू लागला, तरी ओढणारे बैलच होते. या व्यवस्थेत पट्टा नव्हता. दांडी थेट लाटेला जोडलेली असे. त्यामुळे घसरण्याचाही प्रश्न नव्हता. अडले तर बैल थांबत.

४/२८
गुऱ्हाळात वेळेला फार किंमत असते. तोडलेला ऊस पडून राहिला की त्यातल्या साखरेचे रूपांतर होऊ लागते आणि गूळ नीट धरत नाही. काढलेला रस तर काही तासांत आंबतो. म्हणून तोड, चरक, काहील आणि चुलाण यांची चाल एकमेकांशी बांधलेली असते. चरक मंदावला की काहिलीत आदण वेळेवर पडत नाही, जळव्याची आग वाया जाते, आणि गुळव्याचा हातखंडाही उपयोगी पडत नाही. चरकाची गती हीच साऱ्या गुऱ्हाळाची नाडी.

५/२८
बैलांच्या जागी इंजिन आणण्याची वाट महाराष्ट्रातच तयार होत होती. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडी नांगर, कडबा कापण्याची यंत्रे आणि चरक तिथे घडू लागले. साताऱ्यात कूपर यांचा कारखाना शेतीच्या अवजारांवरून डिझेल इंजिनांकडे वळला. १९४६ मध्ये शंतनुराव किर्लोस्करांच्या पुढाकाराने पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. त्याआधीपासून इंग्लंडमधील डर्स्ली गावची लिस्टर इंजिनेही देशात येत होती.

६/२८
येथेच पट्टा अवतरतो. लिस्टरचे प्रसिद्ध मंदगती इंजिन ६ अश्वशक्तीचे. त्याचे चाक मिनिटाला ६५० फेऱ्या घेई. उसाच्या चरकाच्या लाटा मात्र मिनिटाला मोजक्याच फेऱ्या घेतात. या दोन गतींमधले अंतर लहान-मोठ्या पुल्या आणि दातेरी चाके यांनी भरून काढावे लागते. इंजिनाच्या पुलीवरून यंत्राच्या पुलीवर शक्ती नेणारा लांबलचक सपाट पट्टा हा त्यातला पहिला दुवा. सर्वांत स्वस्त, सर्वांत सोपा आणि सर्वांत लहरी.

७/२८
पट्ट्याला दाते नसतात. तो पुलीला केवळ घर्षणाने धरतो. दोरी किंवा पट्टा गोल वस्तूभोवती जितका अधिक गुंडाळलेला, तितकी त्याची पकड झपाट्याने वाढते, हे गणित १८व्या शतकात लिओनार्ड ऑयलर यांनी मांडले आणि १९व्या शतकाच्या आरंभी आयटेलवाइन यांनी ते अभियंत्यांच्या हाती दिले. विहिरीवर दोर खांबाला दोन वेढे देऊन धरणाऱ्या शेतकऱ्याला ते सूत्राविना ठाऊक होतेच. पट्टा पुलीला किती मिठी मारतो, यावर सारे अवलंबून असते.

८/२८
आकड्यांत पाहू. इंजिनाची पुली एक फूट व्यासाची, फेऱ्या ६५०, शक्ती ६ अश्वशक्ती. पट्ट्याला सुमारे ४४ किलोची ओढ पोहोचवावी लागते. पट्टा कोरडा, मिठी १६५ अंशांची आणि घर्षणांक ०.३ असेल, तर ओढत्या बाजूला सुमारे ७६ किलो व सैल बाजूला ३२ किलो ताण पुरतो. आता पुलीवर तेल सांडून घर्षणांक निम्मा झाला, असे समजू. ताणणी तीच ठेवली तर पट्टा जेमतेम २३ किलोची ओढ पेलतो. इंजिन तेच, पट्टा तोच. कामाची शक्ती मात्र निम्मी.

९/२८
याच हिशेबात तेल नसून पुल्या फार जवळ आल्या आणि लहान पुलीवरची मिठी १२० अंशांवर आली, तर ओढ ३३ किलोंवर उतरते. म्हणजे घसरणाऱ्या पट्ट्याचा दोष चार ठिकाणी असू शकतो : ताण कमी, मिठी कमी, पृष्ठभाग गुळगुळीत किंवा तेलकट, आणि चौथा, भारच अधिक. चरकात एकदम जाड मोळी कोंबली की पट्टा घसरणारच. तेव्हा पट्ट्याला बोल लावणे म्हणजे तापमापकाला तापाबद्दल दोष देण्यासारखे आहे.

१०/२८
गावोगावच्या गिरणीवाल्यांनी आणि इंजिनवाल्यांनी यावर आपले उपाय केले. पट्ट्याला राळ चोळणे हा त्यांतला प्रसिद्ध. चिकटपणा वाढतो, पट्टा धरतो, पण थोड्या वेळाने राळेवर धूळ-पीठ बसून काचेसारखा कडक थर होतो आणि घसरण पूर्वीपेक्षा वाढते. दुसरा उपाय पट्टा कापून ताठ करण्याचा. त्याने पट्टा धरतो, पण तो सारा ताण बेअरिंगवर जातो. बेअरिंग तापते, दांडा झिजतो. एका जागचा रोग दुसऱ्या जागी हलतो, एवढेच.

११/२८
जाणता कारागीर आधी पुल्या एका रेषेत आहेत का, ते सुतळी ताणून पाही. मग पट्ट्याची सैल बाजू वर राहील अशी फिरण्याची दिशा ठेवी. सैल बाजू वरून झोल खाते आणि मिठी आपोआप वाढते. पुलीचा पृष्ठभाग मधोमध किंचित फुगीर असतो, त्यानेही पट्टा कडेला न जाता मध्यावर येतो. यंत्र उलट दिशेने फिरवायचे असेल तर पट्ट्याला इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी तिढी देत. तिढ्याच्या पट्ट्याची मिठीही मोठी, पण तो स्वतःलाच घासून लवकर झिजे.

१२/२८
पट्टा कशाचा, हाही प्रश्न होता. आरंभी चामड्याचा, त्याचे सांधे चामड्याच्याच वादीने शिवले जात. मोटेचा नाडा आणि जोत्याच्या वाद्या ज्या हातांनी घडत, त्याच प्रकारचे कसब येथे लागे. पुढे सुती कॅनव्हासचे, दक्षिण अमेरिकेतल्या झाडाच्या चिकाने भरलेले बलाटाचे आणि रबराचे पट्टे आले. चामडे कोरडे पडले की तडकते, पावसाळ्यात ओल धरून लांबते. त्यामुळे उन्हाळ्यात नीट चाललेला पट्टा पहिल्या पावसाबरोबर घसरू लागे.

१३/२८
इंजिनाने ज्या घरात सर्वांत खोल बदल केला, ते घर स्वयंपाकाचे. पहाटे उठून जात्यावर दळण दळणे हे पिढ्यानपिढ्या बायकांचे काम. गावात गिरणी आली, तिच्या धुराड्याचा पुक-पुक आवाज आला, आणि हातचे जाते हळूहळू कोपऱ्यात गेले. त्या जात्यावरच्या ओव्या विरून जाऊ नयेत म्हणून हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी १९८०च्या दशकापासून पुणे जिल्ह्यासह महाराष्ट्रभर एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या. बायकांच्या खांद्यांवरचे ओझे उतरवण्यात त्या लांब पट्ट्याचा वाटा मोठा आहे.

१४/२८
घसरण्याची एक उपकारक बाजूही होती. दळणात खिळा किंवा खडा आला आणि जाते अडकले, तर पट्टा घसरे किंवा पुलीवरून उतरे. इंजिन मोकळे फिरत राही. दगड फुटत नसे, दांडा मुरगळत नसे. दातेरी चाकाने जोडलेले यंत्र अशा वेळी काहीतरी मोडूनच थांबते. पट्टा हा त्या काळचा फ्यूज होता. विजेचा फ्यूज जळून घर वाचवतो, पट्टा घसरून यंत्र वाचवी. दोषाचा आणि संरक्षणाचा उगम एकच होता.

१५/२८
या गुणाचा जाणूनबुजून उपयोग केला तो रेल्वेने. दौंड, इंग्रजी कागदांतले ‘धोंड’, हे १८७८ मध्ये मनमाडचा फाटा सुरू झाल्यावर मोठे जंक्शन बनले. आगगाडीच्या डब्यांत विजेचे दिवे आणताना अभियंत्यांपुढे पेच होता. डब्याखालचा डायनामो चाकाच्या आसावरून पट्ट्याने फिरवावा, तर गाडीच्या वेगाबरोबर विजेचा दाब चढ-उतार करणार. स्थानकात दिवा मालवणार, भरवेगात तो जळून जाणार.

१६/२८
लंडनच्या जे. स्टोन आणि कंपनीने १८९०च्या दशकात यावर अजब तोड काढली. डायनामो पक्का न बसवता तो एका बाजूने लोंबता ठेवला. त्याच्या वजनानेच पट्टा ताणलेला राही. गाडीचा वेग ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की पट्ट्याची ओढ डायनामोला आसाकडे खेचे, ताण सैल होई आणि पट्टा घसरू लागे. त्यामुळे आस कितीही वेगाने फिरला तरी डायनामोची गती जवळपास स्थिर राही. येथे घसरणे हाच नियामक होता.

१७/२८
ही पद्धत भारतीय रेल्वेवरही दीर्घकाळ चालली. थांबलेल्या गाडीला उजेड देण्याचे काम डब्याखालच्या बॅटऱ्यांचे, आणि त्या भरण्याचे काम पट्ट्याचे. पुढे सपाट पट्ट्यांच्या जागी व्ही-पट्टे आणि डायनामोच्या जागी अल्टरनेटर आले. पट्टा तुटला किंवा गळाला, तर रात्रीच्या प्रवासात दिवे मंद होत जात आणि पंखे थांबत. दौंडवरून जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्यांतील कित्येक अंधाऱ्या डब्यांचे मूळ एका रबरी पट्ट्यात होते.

१८/२८
शिरूरहून पुण्याकडे येताना लागणाऱ्या येरवड्यातही याच शास्त्राचा एक लहान अवतार घडला. येरवडा तुरुंगात असताना गांधीजींनी १९३०च्या सुमारास पेटीत मावणाऱ्या चरख्यावर काम केले. ‘येरवडा चक्र’ हे त्याचे नाव. त्यात एक मोठे चाक लहान चाकाला आणि ते चातीला माळेने फिरवते, म्हणून थोड्या जागेत चाती भराभर फिरते. पण माळ सैल पडली की चाती थबकते आणि सूत तुटते. ६ अश्वशक्तीचे इंजिन असो की हाताचा चरखा, नियम तोच.

१९/२८
पट्ट्याची काळी बाजू अपघातांची. उघडा धावता पट्टा सदरा, धोतर, पदर, केस, काहीही ओढून घेतो. मुंबईच्या गिरण्यांत एकाच मोठ्या दांड्यावरून शेकडो पट्टे खाली यंत्रांकडे येत. १८८१च्या पहिल्या कारखाना कायद्यात धोकादायक यंत्रांना कुंपण घालण्याची तरतूद आली. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांनी जी मागणी मांडली, तीत रविवारच्या सुट्टीबरोबरच कामात जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार मिळावा, हेही होते.

२०/२८
१९४८च्या कारखाना कायद्यात पट्ट्याचे बारकावे होते. धावत्या यंत्रसामग्रीजवळचे काम अंगासरशी कपडे घातलेल्या, प्रशिक्षित प्रौढ पुरुष कामगारानेच करावे. धावत्या पुलीवरचा पट्टा हाताळायचा, तर तो १५ सेंटिमीटरहून रुंद नसावा, त्याचा सांधा नीट शिवलेला किंवा सपाट असावा, उभे राहायला पक्का आधार असावा. वापरात नसलेला पट्टा फिरत्या दांड्यावर लोंबता ठेवू नये. एकेका कलमामागे कुणाचा तरी गेलेला हात असल्याचे ही कलमे वाचताना जाणवते.

२१/२८
पण मूळ कायदा यंत्रशक्ती असलेल्या किमान १० कामगारांच्या कारखान्याला लागू होई. गावची गिरणी मालक आणि एक मदतनीस यांच्यावर चाले. तिथे पट्टा घसरला की मालक तो चालू असतानाच राळेने चोळी, काठीने पुन्हा पुलीवर चढवी. शेजारी दळणाचे डबे घेऊन बायका-मुले बसलेली असत. शेतातल्या मळणीयंत्रांच्या अपघातांनंतर संसदेने १९८३ मध्ये धोकादायक यंत्रे (नियमन) कायदा केला. कारखान्यातल्या कामगाराला १८८१ मध्ये मिळालेले कुंपण शेताच्या दिशेने निघायला शंभर वर्षे लागली.

२२/२८
दरम्यान पट्ट्याचा आकारच बदलला. १९१७ मध्ये अमेरिकेतील डेन्व्हरच्या जॉन गेट्स यांनी रबर-सुताचा व्ही-पट्टा आणला. पाचरीसारखा हा पट्टा पुलीच्या खाचेत रुततो. ओढ जितकी अधिक, तितका तो खाचेच्या भिंतींवर अधिक दाबला जातो. ३८ अंशांच्या खाचेत त्याची पकड सपाट पट्ट्याच्या सुमारे तिप्पट घर्षण असल्यासारखी वागते. म्हणून पुल्या जवळ आणता आल्या, दहा-पंधरा फुटांचा उघडा पट्टा आखडून दीड-दोन फुटांवर आला आणि त्यावर जाळी बसवणेही सोपे झाले.

२३/२८
महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० मध्ये स्थापन झाले आणि खेड्यांत विजेच्या मोटारी पसरू लागल्या. गिरणी, चरक, विहिरीवरचा पंप यांनी इंजिन सोडून मोटार धरली. केडगाव, राहू परिसरातल्या गुऱ्हाळांतही हा बदल पोहोचला. पण व्ही-पट्टाही घसरतोच. तो खाचेच्या तळाला टेकू लागला, म्हणजे कडा झिजल्या असे समजावे. तेव्हा पाचर राहत नाही. एका पुलीवर तीन-चार पट्टे असतील तर एकच नवा घालणेही चुकीचे. नवा आखूड पट्टा सारा भार उचलतो आणि जुने नुसते फिरत राहतात.

२४/२८
व्ही-पट्ट्याचा पुढचा चमत्कार असा की पुलीच्या दोन भिंती जवळ-दूर केल्या, तर पट्टा वर-खाली सरकतो आणि पुलीचा व्यासच जणू बदलतो. यातून गिअरविना गती बदलता येते. १९५८ मध्ये नेदरलँड्सच्या डाफ कंपनीने हुब व्हान डोर्न यांच्या कल्पनेवर अशी मोटार विकायला आणली. कॅनडात १९५९ पासून जोसेफ-आर्मांड बोंबार्डिए यांच्या स्की-डूने लोकप्रिय केलेल्या बर्फावरच्या वाहनांतही पुढे हीच रचना रूढ झाली. सियाचीनवर भारतीय लष्कर ज्या स्नो-स्कूटर वापरते, त्या याच कुळातल्या.

२५/२८
शिरूरमधून जाणाऱ्या पुणे-नगर रस्त्यावर हे कूळ दुसऱ्या रूपात आले. १९७२ मध्ये एच. के. फिरोदिया यांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने अहमदनगरच्या कारखान्यातून लुना आणली. गिअर नाही, आपोआप जुळणारा क्लच. १९८४ मध्ये कायनेटिक आणि जपानची होंडा यांची भागीदारी झाली आणि ९८ सीसीची, बटणाने सुरू होणारी, पट्ट्यावर गती बदलणारी कायनेटिक होंडा आली. तोवर स्कूटर म्हणजे डाव्या मुठीने क्लच दाबून गिअर पिळायची चेतक, असेच समीकरण होते. साडी नेसून गाडी चालवणाऱ्या कित्येक स्त्रियांना हा पट्टा मोलाचा ठरला.

२६/२८
या स्कूटरच्या पुढच्या पुलीत जड रोलर असतात. वेग वाढला की ते बाहेर फेकले जाऊन पुलीच्या भिंती जवळ आणतात. मागची पुली स्प्रिंगला न जुमानता उघडते. मागच्या पुलीजवळचा केंद्रोत्सारी क्लच बेल नावाच्या भांड्याला धरून चाक फिरवतो. बर्फावरच्या वाहनात वेगळा क्लच नसतो. पुढची पुलीच सैल राहून ते काम करते. पण दोन्हींत घसरण्याची खूण एकच : मूठ पिळली की इंजिन ओरडते, गाडी मात्र जागची हलत नाही.

२७/२८
निदानाचा क्रमही गिरणीवाल्याचाच. आधी पृष्ठभाग : सील गळून पुलीवर तेल आले आहे का, पट्ट्याच्या कडा काचेसारख्या चकाकतात का. मग मिठी व ताण : पट्टा ठरलेल्या रुंदीपेक्षा झिजला असेल तर तो खाचेत खोल बसतो, रोलर एका बाजूने चपटे झाले असतील तर पुली पुरती मिटत नाही. मग क्लचचे शू. शेवटी भार : ब्रेक तर चिकटत नाही ना? हे न पाहता नवा पट्टा घातला, तर तोही तसाच जळतो. घसरण्यात गेलेली शक्ती उष्णता होते, आणि उष्णतेने रबर कडक होऊन पुन्हा घसरते.

२८/२८
आज शिरूरचे रांजणगाव आणि दौंडचे कुरकुंभ औद्योगिक वसाहती आहेत. तिथे प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटार आहे. छताला टांगलेला सामाईक दांडा आणि त्यावरचे पट्ट्यांचे जंगल इतिहासजमा झाले. गावच्या गिरणीत, गुऱ्हाळात आणि घरासमोरच्या स्कूटरमध्ये पट्टा मात्र टिकून आहे. इंजिन किती मोठे, यापेक्षा त्याची शक्ती कामापर्यंत किती पोहोचते, हे दोन पुल्यांमधली ती मिठी ठरवते. ती सुटली की प्रथम यंत्र थांबवावे, हात दूर ठेवावा, आणि मग कारण शोधावे. शंभर वर्षांच्या अपघातांनी शिकवलेला क्रम हाच आहे. (समाप्त)